फ्रान्सचं नागरिकत्व घेतलं तर माझा दीन, माझा धर्म, उणावेल का?

पत्राचा गोषवारा: दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून आलेल्या आणि गेली दहाएक वर्षं फ्रान्समध्ये ल्यों शहराजवळ राहणाऱ्या एका भगिनीचं हे पत्र. नवरा औषधनिर्मितीत आहे, त्या स्वतः एका खासगी कचेरीत हिशेबाचं काम बघतात. मुलगी चौदा वर्षांची, सरकारी शाळेत. मुलगा आठ वर्षांचा, जन्म तिथलाच. नागरिकत्वाच्या अर्जाला नवऱ्याने आपले कागद लावलेत, यांचे अडलेत. "मुलाखतीच्या वेळी एका सनदेवर सही करायची असते. ती केली की मी थोडी कमी मुसलमान होईन असं सारखं वाटतं," असं त्या लिहितात. गेल्या रमजानपासून मुलगी आपणहून डोक्यावर ओढणी घेते आणि रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी काढून दप्तरात ठेवते. एकदा तिने विचारलं, "अम्मी, खरी मी कोणती, फाटकाच्या आतली की बाहेरची?" मुलाच्या वर्गाच्या सहलीला सोबत जायला यांनी नाव दिलं, तर डोकं झाकून येणार असाल तर नको, असं शाळेतून कळवलं गेलं. परपुरुषाशी त्या हस्तांदोलन करत नाहीत, छातीवर हात ठेवतात, त्यामुळे नागरिकत्वाच्या समारंभात काय करायचं याची धास्ती आहे. मुंब्र्याचे मोठे भाऊ फोनवर म्हणतात, "त्या देशाशी निष्ठा म्हणजे इमान विकणं." कचेरीतली फ्रेंच मैत्रीण म्हणते, "फ्रेंच व्हायचंय तर हे सगळं कशाला धरून बसतेस?" आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य: "इथल्या मराठी मंडळात गेले की कुणीतरी म्हणतंच, 'तुम्ही मराठी किती छान बोलता!' माझी आई तर जन्मात दुसरी भाषा बोलली नाही."

ताई,

तुमच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य मला सगळ्यात आधी लागलं. त्याकडे मी येणार आहे, कारण तुमच्या अडलेल्या सहीची एक गाठ तिथेच आहे असं मला वाटतं. पण आधी ती सनद.

तुम्ही ती पुरती वाचलीत का? राग मानू नका. ज्या कागदाची भीती वाटते तो आपण बहुधा वाचत नाही, त्याबद्दल इतरांनी काय सांगितलं तेवढंच लक्षात ठेवतो. फ्रेंच नागरिकाचे हक्क आणि कर्तव्यं सांगणारी ही सनद आहे. प्रजासत्ताक अविभाज्य आहे, धर्मनिरपेक्ष आहे, लोकशाही आहे. स्त्री-पुरुष समान आहेत. कायदा सगळ्यांना सारखा आहे. कर भरायचा, देशाच्या रक्षणात वाटा उचलायचा. तुम्ही नमाज पढता का, रोजे धरता का, मरणानंतर काय होतं असं मानता, यातलं काहीही सोडण्याचं वचन तिथे मागितलेलं नाही. फ्रान्सच्या राज्यघटनेचं पहिलंच कलम म्हणतं की प्रजासत्ताक सर्व श्रद्धांचा आदर करतं. आणि ज्या कायद्याचं नाव घेऊन तुम्हाला लोक घाबरवतात, तो ९ डिसेंबर १९०५ चा धर्म आणि राज्य वेगळं करणारा कायदा, त्याच्या पहिल्या कलमात विवेकाच्या स्वातंत्र्याची आणि उपासनेच्या मोकळीकीची हमी आहे. सरकार कुठल्याही पंथाला मान्यता, पगार किंवा अनुदान देणार नाही, हे त्यानंतर, दुसऱ्या कलमात येतं.

म्हणजे तटस्थ राहायचं आहे ते सरकारला. तुम्हाला नाही. नगरपालिकेच्या खिडकीमागे बसलेली कारकून, सरकारी शाळेतले शिक्षक, न्यायाधीश, सरकारी रुग्णालयातली परिचारिका यांनी कामावर असताना धर्मचिन्ह घालायचं नाही, कारण त्या वेळी ते सरकार म्हणून समोर असतात. खिडकीच्या अलीकडे रांगेत उभ्या असलेल्या तुम्ही सरकार नाही आहात. ओढणी घेऊन रस्त्यावरून चाला, बसमध्ये बसा, मतदानाला जा, नागरिकत्वाच्या मुलाखतीलाही जा. २०१० चा कायदा चेहरा झाकण्याबद्दल आहे, केस झाकण्याबद्दल नाही. एक गोष्ट मात्र माहीत असू द्या: फ्रेंच पासपोर्टच्या फोटोत डोकं उघडं लागतं, तिथे सवलत नाही.

हे मी इतकं फोड करून सांगते, कारण तुमच्याभोवती कायदा, लोकांची आवडनिवड आणि निव्वळ पूर्वग्रह या सगळ्यांची सरमिसळ झाली आहे. "हे सगळं कशाला धरून बसतेस" हे तुमच्या मैत्रिणीचं मत आहे, फ्रान्सचा कायदा नाही. तिच्या मताला मैत्रिणीच्या मताएवढाच मान द्या.

आपण भारतात वाढलेल्या माणसांची इथे आणखी एक अडचण होते. आपल्याकडच्या सरकारी शाळेत प्रार्थनाही होते, सरस्वतीपूजनही होतं, ईदची सुट्टीही मिळते आणि दिवाळीचीही. सरकारने प्रत्येकाला थोडं थोडं द्यावं, म्हणजे न्याय झाला, अशी आपली समजूत. फ्रान्सची रीत उलटी आहे: कुणालाच द्यायचं नाही. ती रीत मुसलमानांना डोळ्यांपुढे ठेवून घडलेली नाही. कॅथलिक चर्चच्या हातातून शाळा आणि राज्यकारभार सोडवण्याच्या लढ्यातून, १८८१-८२ च्या, मंत्री जूल फेरी यांच्या शिक्षण कायद्यांपासून ती घडत आली. तेव्हा तिथल्या वर्गांतून क्रूसही उतरवले गेले. तुमच्या लेकीला फाटकाशी ओढणी काढायला लावणारी ती शाळा एके काळी कॅथलिक नन्सच्या हातातून काढून घेतलेल्या शाळांच्या परंपरेतली आहे. त्याने लेकीचं दुखणं कमी होत नाही, मला कळतं. पण ही व्यवस्था मुळातच आपल्याविरुद्ध रचलेली आहे, असं मनाशी धरून जगणं आणि तसं न धरता जगणं यात पुष्कळ फरक पडतो.

आता दुसरी बाजूही सांगायलाच हवी. ही तटस्थता वाटते तितकी निखळ नाही. नाताळ, मेरीमातेचा स्वर्गारोहण दिन, ऑल सेंट्स डे या सार्वजनिक सुट्ट्या आजही आहेत. १९०५ पूर्वीची बहुतेक जुनी चर्चं नगरपालिकांच्या मालकीची आहेत आणि त्यांची डागडुजी सार्वजनिक पैशातून होते. आल्सास आणि मोझेल हा भाग १९०५ मध्ये जर्मनीच्या ताब्यात होता, म्हणून तिथे तो कायदा आजही लागू नाही. तिथे पाद्री, पास्टर आणि रब्बी यांना सरकारी पगार मिळतो, इमामांना नाही. आणि कागदावरच्या समानतेचं नोकरीच्या बाजारात काय होतं, त्याचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सेनेगाली वंशाच्या, सारख्याच शिकलेल्या दोन काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवले गेले. एकीचं नाव मारी, दुसरीचं खदिजा. मारीला शंभरात एकवीस ठिकाणांहून बोलावणं आलं, खदिजाला आठ ठिकाणांहून. नागरिकत्वाच्या कागदाने हे आकडे बदलत नाहीत. तेव्हा तुम्हाला जो अन्याय जाणवतो तो तुमच्या मनाचा खेळ आहे, असं मी कधीही म्हणणार नाही.

तुमच्या भावांच्या वाक्याबद्दल बोलू. "इमान विकणं" हे त्यांनी स्वतः शोधलेलं नाही, त्याला जुना आणि खरा इतिहास आहे. फ्रान्सने अल्जीरियात १८६५ साली असा नियम केला होता की तिथल्या मुसलमानाला पूर्ण नागरिकत्व हवं असेल तर त्याने मुस्लिम व्यक्तिगत कायदा सोडून द्यावा. फारच थोडे लोक पुढे आले. १९३० च्या दशकात ट्युनिशियात फ्रेंच नागरिकत्व घेतलेल्या मुसलमानांना आपल्या कबरस्तानात पुरू द्यायला लोकांनी नकार दिला, त्यावरून दंगे झाले. परक्याने जमीन घेतली, आणि वर आपल्याच देशात माणूस म्हणून हक्क हवे असतील तर दीनाचा कायदा टाक म्हणाला. तिथे सही न करणं हा प्रतिकार होता आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण तुमच्या घरावर कुणी राज्य करायला आलेलं नाही. तुम्ही आपल्या पायांनी तिथे गेलात, घर केलंत, मूल जन्माला घातलंत. त्या जुन्या नकाराचं ओझं तुम्ही आज का वाहायचं?

मी आलिम, म्हणजे धर्मशास्त्राची पंडित नाही, फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण एवढं कोकणातल्या मदरशातल्या पोरालाही ठाऊक असतं की मक्केत छळ सुरू झाला तेव्हा पैगंबरांनी आपल्या माणसांना हबशाच्या (आजच्या इथिओपियाकडच्या) नजाशीकडे, एका ख्रिस्ती राजाच्या आसऱ्याला पाठवलं, आणि त्यांतले काही तिथे कैक वर्षं राहिले. कुराणातल्या सूरह माइदाची सुरुवातच केलेले करार पाळा या आज्ञेने होते. आणि हा प्रश्न आपल्या मातीत नवा नाही. देवबंदच्या मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये, पैगंबरांनी मदिनेतल्या मुसलमान आणि ज्यू टोळ्यांमध्ये केलेल्या कराराचा दाखला देऊन मांडलं की वेगवेगळ्या धर्मांची माणसं मिळून एक राष्ट्र होऊ शकतात. १९४० मध्ये रामगढ काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून मौलाना आझाद म्हणाले की इस्लामचा तेरा शतकांचा वारसा माझा आहे, आणि भारतीय राष्ट्रीयत्वाचा मी अविभाज्य भाग आहे. यातलं एकही सोडायला ते तयार नव्हते. तुमचे भाऊ ज्या देशात राहून, मतदान करून, तिथला पासपोर्ट खिशात ठेवून तुम्हाला फोन करतात, तिथे बहुसंख्य मुसलमान नाहीत. त्यांचं इमान शाबूत आहे ना? मग तुमचं का जाईल, हे त्यांना प्रेमाने विचारा. आणि दीनाचा सल्ला हवाच असेल तर तिथे राहणाऱ्या, तिथला कायदा आणि तिथली शाळा माहीत असलेल्या जाणत्याला विचारा. ल्योंची मोठी मशीद १९९४ पासून उभी आहे, ती तुम्हाला मुंब्र्याहून जवळ आहे.

मात्र एका ठिकाणी सही खरोखर काहीतरी मागते, आणि ते झाकून ठेवणं बरोबर नाही. फ्रेंच नागरिक म्हणून तुमच्या कुटुंबाला तिथली नागरी संहिता लागू होईल. लग्न आधी नगरपालिकेत, निकाह त्यानंतर. वारसाहक्कात मुलगा आणि मुलगी सारखे, आणि आईबापांनाही मुलीचा राखीव वाटा मारता येत नाही. हे तुम्हाला मनापासून मान्य आहे का? इथे "हो" म्हणता येत नसेल तर थांबा, कारण मग सही खोटी होईल. मला स्वतःला वाटतं की हे मान्य करण्यात दीनाचं नुकसान नाही. हयातीत मुलीला बरोबरीने देणारे बाप आपल्या कोकणातही आहेत. गोव्यातले मुसलमान तर पोर्तुगीजांच्या १८६७ सालच्या नागरी संहितेच्या आणि पुढे तिच्यातून आलेल्या कायद्याच्या चौकटीत जगत आलेत, लग्नाची नोंद सरकारदरबारी करतात, आणि त्यांच्या मशिदी भरलेल्या आहेत. पण हा निर्णय तुमचा आहे. सनदेतल्या याच ओळींपाशी थांबून विचार करा, बाकीच्या ओळींची धास्ती सोडा.

हस्तांदोलनाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात मधला रस्ता अरुंद आहे. एका अल्जीरियन बाईंनी नागरिकत्वाच्या समारंभात अधिकाऱ्यांशी हात मिळवायला नकार दिला, त्यावरून त्यांचं नागरिकत्व अडवलं गेलं आणि २०१८ मध्ये कोंसेई देता या तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारचा निर्णय कायम ठेवला. मला तो निकाल पटत नाही. छातीवर हात ठेवून मान झुकवणारी बाई कुणाचा अपमान करत नाही. पण माझ्या पटण्याने तुमचा अर्ज मंजूर होणार नाही. त्या एका दिवसाबद्दल आपल्या मनाचा कौल आधीच घ्या, हवं तर आलिमांशी बोला. समारंभाच्या मंचावर ठरवू म्हणाल तर मन दोन्हीकडून खाईल.

आता लेक. ताई, पत्रात तुम्ही तिचा प्रश्न लिहिलात, पण तुम्ही काय उत्तर दिलंत ते लिहिलं नाही. बहुधा डोळ्यांत पाणी आलं असेल आणि विषय तिथेच राहिला असेल.

१५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांना मनाई झाली. त्याची सुरुवात १९८९ मध्ये क्रेय गावच्या शाळेतून तीन मुलींना काढलं तेव्हाच झाली होती. २०२३ मध्ये अबाया हा सैल पायघोळ झगाही त्या मनाईत आला. शीख मुलांच्या पगड्याही त्याच कायद्याने उतरल्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये एका शीख विद्यार्थ्याच्या बाबतीत फ्रान्सने त्याचा धर्मस्वातंत्र्याचा हक्क मोडल्याचं म्हटलं. हा कायदा विद्यापीठात लागू नाही. म्हणजे बारावीच्या तोडीची परीक्षा झाली की ते फाटक तिच्या वाटेतून जाईल.

तिला हे सगळं सांगा, ती चौदा वर्षांची आहे, तिला झेपेल. तो कायदा कसा आला, कुणी बाजूने भांडलं, कुणी विरोधात, हे सांगा. कायदा पाळणं आणि तो बरोबर आहे असं मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवणार? ती रोज ओढणी काढते ती शिकण्यासाठी काढते, लाज वाटून नाही. आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देण्याआधी तिलाच विचारा की तो प्रश्न कुठून आला. तुम्ही धरून चाललात की तिला धर्म आणि देश यांतला ताण छळतोय. कदाचित तसंच असेल. कदाचित फाटकाबाहेर तिला ओढणीत बघून एखादी मैत्रीण बोलेनाशी झाली असेल. किंवा आत गेल्यावर तिला मोकळं वाटत असेल आणि त्या मोकळेपणाचाच अपराध वाटत असेल. हे तिसरं असेल तर ते ऐकायची तुमची तयारी आहे का? तिने आपणहून ओढणी घेतली याचा तुम्हाला आनंद झाला, तो पत्रात दिसतो. उद्या तिने आपणहून ठेवून दिली तरी ती घरात तितकीच लाडकी राहील, हे तिला आजच कळू द्या. नाहीतर शाळेने काढायला लावलेली आणि घराने घालायला लावलेली, अशा दोन सक्तींमध्ये ती उभी राहील, आणि तिची स्वतःची अशी निवड उरणार नाही.

शाळा सोडवण्याचा विचार करू नका. घरी शिकवायला २०२१ च्या कायद्यानंतर आधी परवानगी लागते, ती सहज मिळत नाही. काही खासगी कॅथलिक शाळा ओढणीला हरकत घेत नाहीत, काही मुस्लिम घरं मुलींना तिथे घालतात. फी आणि अंतर बघून चौकशी करायला हरकत नाही. पण तिच्या मैत्रिणी, तिचे आवडते शिक्षक जिथे आहेत तिथून तिला ओढून काढण्याआधी तिचा होकार हवा.

सहलीच्या बाबतीत मात्र तुम्ही गप्प बसलात ते मला आवडलं नाही. सहलीला सोबत येणारी आई सरकारी नोकर नसते. कोंसेई देताने २०१३ मध्येच सांगितलंय की सोबत येणाऱ्या पालकांना तटस्थतेचं बंधन सरसकट लागू होत नाही. शिस्त किंवा शाळेचं काम बिघडत असेल तरच शाळा निर्बंध घालू शकते. वर्गात बसून शिकवण्यात भाग घेणाऱ्या पालकांबद्दल तुमच्या ल्योंच्याच अपील न्यायालयाने २०१९ मध्ये वेगळा निकाल दिला, तो फरक लक्षात ठेवा. शाळेला एक सभ्य पत्र लिहा: मला नकार कुठल्या नियमाने दिला ते लेखी कळवावं. पत्र पाठवायच्या दिवशी नियम काय आहे ते ताजं बघून घ्या. पालक संघटनेत बोला. तिथूनही झालं नाही तर देफांसर दे द्रवा ही हक्करक्षक संस्था आहे, भेदभावाच्या तक्रारींसाठी तिचा ३९ २८ हा नंबर आहे, तिथे पैसे लागत नाहीत. तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. आपली आई का आली नाही, याचं कारण तो स्वतःच शोधून काढेल, आणि त्याने शोधलेलं कारण तुमच्या नकाराच्या पत्राहून फार वाईट असू शकतं.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते.

मला वाटतं तुमचा हात अडलाय तो सगळाच दीनापायी नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. फ्रेंच नागरिकत्व आपल्या इच्छेने घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड मिळेल, येणंजाणं राहील, पण मत राहणार नाही. शेतजमीन किंवा बाग विकत घेता येणार नाही, वारशाने आलेली ठेवता येते. गावच्या कलमांच्या बागेत तुमचा वाटा असेल तर अर्ज करण्याआधी वकिलाला दाखवून घ्या. पण मला जमिनीपेक्षा वेगळं म्हणायचंय. ज्या बाईला तिच्याच भाषेत बोलल्याबद्दल कौतुकाने शाबासकी मिळते, तिला तो निळा पासपोर्ट परत करताना काय वाटत असेल? ज्यांना तुम्ही कधी आपल्या वाटलाच नाहीत, त्यांच्या हातात आपणच आयता पुरावा देतोय असं वाटत असेल. बघा, गेलीच शेवटी. हे दुःख धर्माचं नाही, घराचं आहे. ते भावांना सांगता येत नाही, मैत्रिणीला कळत नाही, म्हणून ते सनदेच्या नावावर जमा झालंय. नवऱ्यापाशी एकदा हे नाव घेऊन बोला. त्यांच्याही मनात असेल.

आणि मंडळातल्या त्या माणसाला पुढच्या वेळी सरळ सांगा: "बोलणारच, माझी मातृभाषा आहे. तुम्हीही छान बोलता." रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरून जहाजांवर खलाशी म्हणून जग फिरलेल्या माणसांच्या तुम्ही लेकीबाळी आहात. मराठी तुम्हाला कुणी उसनी दिलेली नाही.

मात्र एक सावधगिरी. ज्या मान्यतेची ही भूक आहे ती फ्रेंच पासपोर्टने भागवायला जाऊ नका. मुलाखतीत पास झालात म्हणून खदिजाचे आठ आकडे एकवीस होणार नाहीत, आणि बसमधली एखादी बाई तोंड वाकडं करायची थांबणार नाही. आपलेपणाचं प्रमाणपत्र म्हणून नागरिकत्व घेतलंत तर वर्षभरात निराश व्हाल. ते घ्यायचं वापरण्यासाठी. आज तुम्ही तिथे कर भरता, पण युरोपीय संघाबाहेरच्या असल्यामुळे नगरपालिकेलासुद्धा मत देऊ शकत नाही. लेकीच्या शाळेचा कायदा ज्या संसदेत होतो, तिला निवडण्यात तुमचा वाटा नाही. तो कायदा चुकीचा वाटत असेल तर तसं मतपेटीतून सांगायला, पालक समितीच्या निवडणुकीपलीकडे जाऊन नगरपालिकेला उभं राहायला, "मी इथली नागरिक आहे" असं म्हणून शाळेला पत्र लिहायला तो कागद कामी येतो. त्या देशातल्या १८ ते ५९ वयाच्या दर दहा माणसांत एक जण स्वतःला मुसलमान सांगतो, असं तिथल्या सांख्यिकी संस्थेचं सर्वेक्षण आहे. त्यांच्यातलेच शिक्षक, डॉक्टर, नगरसेवक, सैनिक आहेत. पॅरिसची मोठी मशीद १९२६ मध्ये सुरू झाली ती पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या मुस्लिम सैनिकांची आठवण म्हणून. उत्तरेकडे नव शापेल इथल्या स्मारकावर फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पडलेल्या, कबर ठाऊक नसलेल्या साडेचार हजारांहून जास्त भारतीय सैनिकांची नावं कोरलेली आहेत, त्यांत मुसलमान नावं पुष्कळ आहेत. सुट्टीत मुलांना घेऊन जा आणि ती नावं वाचायला लावा.

माझं मत विचारलंत तर नागरी संहितेचा आणि हस्तांदोलनाचा प्रश्न मनाशी सुटला असेल तर सही करा.

जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटनमधून अशीच पत्रं येतात, त्या वाचकांसाठी: फ्रान्सचे नियम तुमच्याकडे लावू नका. जर्मनीत घटनात्मक न्यायालयाने २०१५ मध्ये शिक्षिकांच्या हिजाबवर सरसकट बंदी चालणार नाही असं म्हटलं. जून २०२४ पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, पण भारत घेत नाही, त्यामुळे पासपोर्टचा पेच आपल्याला तिथेही आहेच. ब्रिटनमध्ये राजा चर्चचा प्रमुख असूनही लंडनच्या पोलीस शिपाई बाई हिजाब घालून कामावर येतात. डेन्मार्कने नागरिकत्वाच्या समारंभात हस्तांदोलनच कायद्यात घातलं. खासगी नोकरीत असाल तर कंपनीच्या नियमावलीत तटस्थतेचं कलम आहे का ते रुजू होण्याआधी वाचा, युरोपीय न्यायालयाने २०१७ पासून अशा कलमाला काही अटींवर मुभा दिली आहे. जे सांगितलं जातंय ते कुठे लिहिलंय, हे सगळीकडे विचारा.

आणि ताई, अर्जाचं एक राहिलं. फ्रान्समध्ये आईवडिलांपैकी एकालाही नागरिकत्व मिळालं की सोबत राहणारी अठरा वर्षांखालची मुलं, हुकमात त्यांची नावं असली की, आपोआप फ्रेंच होतात. म्हणजे तुमच्या किंवा नवऱ्याच्या सहीबरोबर लेकीचंही ठरणार आहे. मुलांच्या भारतीय पासपोर्टचं काय होईल ते भारतीय दूतावासाकडून लेखी घ्या. १ जानेवारी २०२६ पासून फ्रेंच भाषेची बी-दोन ही वरच्या मध्यम दर्जाची पातळी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा अशी वाढीव अट आहे, तुमची तयारी आहे का बघा. मुलगी शाळेत तेच शिकतेय. अभ्यास तिच्याकडूनच करून घ्या, सनदही तिच्याबरोबरच वाचा, आणि कागद पाठवायचे की नाही हे ठरवताना तिलाही जेवणाच्या टेबलाशी बसवा.